न्हाणीघरातली दांडी

तीर्थरूप आईस,

धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं.

ताईचा फोन आला. नर्सबाईंनी तुला न्हाणीघरात एकटीनं उठून-बसून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "आजी घरीच राहू शकतील, शहरात न्यायची गरज नाही." त्यांनी तुला 'आजी' म्हटलं म्हणून रागावू नकोस. मी वर्कशॉपमध्ये केवढ्यानं ओरडलो! उस्ताद धावत आले, "हात भाजला का रे?" म्हटलं, "नाही, आईला घर सोडावं लागणार नाही!" मग त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

पण मी वेल्डिंग करून पाठवलेल्या दांडीवर तू टॉवेल वाळत घालतेस म्हणे! आई, ती धरायला आहे. ओल्या टॉवेलवरून हात निसटतो.

दांडी जराही हलली तर सुतारकाकांना लगेच बोलाव. दवाखान्याची गाडी गावात येते ना? शेजारच्या काकू रोज हाक मारतात ना?

उस्ताद म्हणाले, "टॉवेलसाठी वेगळी दांडी कर." ती करतोय. तीही तुझा भार पेलेल एवढी भक्कम करतोय, कारण तू नेमकी तीच धरशील.

तुझा,
काळजीखोर धाकटा