उघडा नळ

बुधवार, दिवेलागण

रूथने आज पिपातलं उरलंसुरलं पाणी जास्वंदीला घातलं. सगळं! नळाला पाणी येऊन आठवडा होत आला. रागावले तर म्हणते, "मम्मी, सकाळी आपण पाणी मागितलं ना देवाकडे? मग आज येणारच. नवीन यायच्या आधी शिळं तूच ओततेस की."

सहा वर्षांच्या पोरीला एवढी खात्री आली कुठून? मला आधी ह्यांचाच संशय आला. पाणी सोडणाऱ्याला फोन करून पोरीच्या कानात सांगितलं असेल. हे नाही म्हणाले, पण मग हसले कशाला? वरच्या मजल्यावरच्या कानडी अक्कांना विचारलं. "इल्ल री, आज कुठलं पाणी!" म्हणजे तिला कुणीच काही सांगितलेलं नाही.

प्रार्थना मीच सांगितली होती. आमेन म्हणून उठले आणि न्हाणीतली भरलेली बादली झाकून कोपऱ्यात सरकवली. कुणापासून लपवली? रूथपासून, की ज्याच्याकडे मागितलं त्याच्यापासून?

आता प्रार्थनासभेला निघायचंय. रूथने नळ उघडा ठेवून खाली कळशी लावलीय. मघाशी तो बंद करायला गेले. आम्ही बाहेर असताना पाणी आलं तर घरभर होईल. चावीवर हात ठेवला आणि थबकले. पाणी येणारच नाही म्हणतेय ना मी? मग बंद कशाला करतेय?

नळ उघडाच ठेवलाय. बादलीवरचं झाकण मात्र अजून काढलेलं नाही.