व्याह्याची बरगडी

आरमोरी,
सोमवार

आदरणीय इंदुवहिनीले,

धाकट्या दिराचा, म्हणजे धनराजचा, वाकून नमस्कार. गुडघ्याचं दुखणं कसं आहे? आलापल्लीची हवा मानवते ना? इथी सारे बरे आहेत, एक व्याही सोडून. दादाले जाऊन चौदा महिने झाले, तवापासून तुम्ही माहेरी, आणि माझा फोन काही उचलत नाई. म्हणून कागदच लिहून राह्यलो. फाडायचा तर फाडजा, पण वाचून फाडजा.

माझ्या लेकीचं, दिव्यानीचं, लग्न जमलं हे कानावर असंल. परवा तिचे होणारे सासरे, इतवारीभाऊ, विहीणबाईले घेऊन लग्नाची तारीख काढाले आले. आदल्याच दिवशी मी समाजमंदिरात नर्सबाईजवळ शिकून आलो होतो, बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू कसं करायचं ते. (आता तुम्ही म्हणाल, याले ही अक्कल कुठून सुचली. सांगतो पुढं.) बाईनं तीन बाहुल्या आणल्या होत्या. मोठ्या माणसाले दोन्ही हातांनी, लेकराले एका हातानं, तान्ह्याले नुसत्या दोन बोटांनी. तीस दाबा, दोन फुंका. मी तान्ह्या बाहुलीले दोन्ही हात लावले तर बाई वरडली, "अहो भाऊ, बाळ आहे ते, कणीक नाई!" मोठ्या बाहुलीत मात्र माझा पहिला नंबर आला. तोच नडला.

इतवारीभाऊ कोंबड्यावर ताव मारून बाजेवर लवंडले आणि घोरू लागले. घोरता घोरता आवाजच बंद! तोंड उघडं, छाती हलेना. बाईनं बजावलं होतं, आधी खांदे थापटा, मोठ्यानं हाक मारा. पण वहिनी, व्याह्याले जेवल्यावर हलवून उठवणं शोभते का? अजून तारीखही निघाली नव्हती. पाहुण्याचा मान म्हणून तेवढी एक पायरी गाळली, बाकी सारं बरोब्बर केलं. बाजेवरून खाली जमिनीवर घेतलं आणि दाबू लागलो. सातव्याले कट्ट झालं, आठव्याले इतवारीभाऊ "मेलो रे बाप्पा!" म्हणून उठले. विहीणबाईनं माझ्याच घरचं लाटणं माझ्याच पाठीत घातलं. बरगडीले चीर आहे, सहा आठवडे आराम. (झोपेत श्वास अडकायची त्यांची जुनीच खोड, म्हणे. आधी सांगाले काय झालतं?) दिव्यानी माझ्याशी बोलत नाई.

लय पस्तावा होते, वहिनी, पण व्याह्याचा कमी. धानाच्या बांधीत दादा पडला तवा मी त्याच्या नाकाले चप्पल लावली, कांदा फोडला, पाणी शिंपडलं, वैदूले आणाले गाडी धाडली. सारं केलं, छातीले हात नाई लावला. येतच नव्हतं. तुम्ही तवा नुसतं माझ्याकडं पाह्यलं. म्हणून शिकाले गेलो, उशिरा.

व्याही म्हणतात, घरातलं वडील माणूस येऊन माफी मागंल तरच तारीख काढू. आपल्या घरात आता वडील तुम्हीच.

तुमचा दीर,
धनराज

ता. क. नर्सबाई बुधवारी परत येऊन राह्यली. तान्ह्याची बाहुली मले अजून जमत नाई. तुमचा हात हलका आहे, तुम्हाले जमंल.

ता. क. दुसरा. वर खोटं लिहलं. इतवारीभाऊ रागावलेच नाई. हसलं की बरगडी दुखते, एवढीच त्यांची तक्रार. तारीखही निघाली. माफी त्यांना नको आहे, मले मागायची आहे, तुमची. तुमच्या दारी यायची हिंमत नाई. लग्नाले या. भर मांडवात शिव्या दिल्या तरी चालंल, पण या.