गुंजनची ग्रेड

१२ डिसेंबर २००५, दारव्हा
सरकारी खरेदी केंद्रावर कापूसच नाही, सगळा व्यापाऱ्यांकडे जातो. मी ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा, रिकामा. म्हणून ही वही. संकल्प: जूनला शाळा सुरू व्हायच्या आत गुंजनला घडाघडा बोलती करणे. पोरगी पाच वर्षांची, शब्द मोजून अकरा. अंगणवाडीच्या पंचफुलाबाई म्हणाल्या, भाऊ, पोरीचे कान दाखवून घ्या. वीस वर्षं चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी सांगतोय. मला माझी पोरगी समजत नाही?

१३ डिसेंबर
टेस्ट घरीच घेतली. मागून ताट वाजवलं. गुंजन दचकून वळली. कान फर्स्ट क्लास. ग्रेड: सुपर. विषय संपला.

२० डिसेंबर
रोज वीस शब्द. मोठ्यांदा, भराभर. गुंजन नुसती माझ्या तोंडाकडे बघते. शोभा म्हणते, अहो, काहून वरडून राह्यले तिच्यावर? बायकोला टीचिंग मेथड काय कळणार.

४ जानेवारी
जीभ जड आहे, दुसरं काही नाही. वेखंड मधात उगाळून चाटवलं. माझ्या शर्टावर ओकली. ओकताना 'आई' म्हणाली. प्रगती आहे.

२३ जानेवारी
एकोणीस दिवस वही लिहायला वेळ मिळाला नाही. खरं तर वेळच वेळ होता. केंद्रावर आज दोनच बैलबंड्या, त्याही ओल्या कापसाच्या. घरी गुंजनला म्हटलं, चप्पल उचल, दार लाव, पाणी आण. चप्पल घेऊन उभीच राहिली. मी जरा आवाज चढवला. ग्रेड: सुपरवरून घसरून फेअर. शोभा जेवली नाही.

१४ फेब्रुवारी
शोभाने गुंजनला यवतमाळला कानाच्या दवाखान्यात नेलंच. मी फक्त सोबत. हेडफोन लावून तपासणी. मॅडम म्हणाल्या, ऐकू येतं. मी शोभाकडे ऐटीत पाहिलं. मॅडमचं संपलं नव्हतं. भराभर आलेले आवाज हिला वेगळे करता येत नाहीत, सगळं एकात एक मिसळतं, म्हणून भाषा मागे राहिली. समोर बसा, हळू बोला, थोडं बोला, थांबा. मग विचारलं, घरी हिच्याशी जास्त कोण बोलतं? शोभाने माझ्याकडे बोट दाखवलं.
येताना एसटीत गुंजन शोभाच्या मांडीवर झोपली. मला भीती वाटली. काय करावं, खरंच कळत नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी ७
कळलं. हळू बोलायचं, एवढंच. आरशासमोर प्रॅक्टिस केली. उत्तम जमतं. महिन्यात फरक दिसेल.

सकाळी ७.२०
गुंजन ओसरीवर खेळत होती. समोर जाऊन बसलो. हसलो. तोंड उघडलं.
तिने दोन्ही कान गच्च झाकले, डोळेही मिटले.
मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो.