यात छत्री कुठे आहे

४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात समजून घे; एकदा आडवी झाले की उठवायला माणूस लागतं.

तुझं पाकीट पोचलं. तिन्ही तिकिटं अगदी कोरी करकरीत आहेत. पहिल्यात बंदर, निळी बोट, दोरखंडाची वेटोळी. दुसऱ्यात घोडागाडी. तिसऱ्यात नुसता पूल. सुंदर आहेत, पण एकातही छत्री नाही. दादा, आपण छत्रीची टपालतिकिटं जमवतो, पुलांची नाही. इतकी वर्षं तू तिकीट शोधतोस, छत्री कुठे आहे ते सांगत नाहीस, मी ती हुडकते आणि अल्बममध्ये खाली लिहिते, ‘लाल, उघडी, जाड बाईच्या हातात’ असं. लिहिल्याशिवाय तिकीट डकवायचं नाही, हा तुझाच कायदा. आता मी काय लिहू? ‘छत्री घरी विसरली’?

थट्टा करत असशील तर कर बापडा. पण वेळ चुकीची निवडलीस, माझं आधीच डोकं फिरलंय. लाँड्रीत मी रफूला बसते त्या खिडकीपाशी मालकाने नवा दिवा लावलाय. दिवा कसला, नुसता मिणमिणाट. त्या उजेडात परवा एका काळ्या कोटाला गडद निळा दोरा लागला. गिऱ्हाइकाने कोट उन्हात धरून सगळ्यांना दाखवला. मी म्हटलं, आधी दिवा बदला आणि मग मला बोला. मालकाने कोट घडी करून ठेवला. पण दुसऱ्या दिवसापासून गडद कपडे माझ्याकडे येतच नाहीत, त्या नव्या मुलीच्या टेबलावर जातात. तिला अजून सुई धरायचं वळण नाही. हातातली ही एक कला गेली तर मी काय करायचं, असा विचार उगाचच येऊन जातो.

असो. छत्रीवाली तिकिटं पाठव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
बारकी

---

१३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. पुरले नाहीत तर आणखी मागव.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा चक्रावलो. तिन्हीत छत्री आहे. नीट बघ. कुठे ते मी सांगणार नाही, मेलो तरी नाही. सोबत आणखी दोन पाठवतोय. ही आंधळ्यालाही दिसतील.

इकडे बरं आहे. लिफ्टचं काम सोडून इतका काळ लोटला, तरी आमच्या इमारतीतले लोक माझ्याच दारावर थापा मारतात. काल लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. मी पाना घेऊन गेलो, दार उघडलं, तर आत कोणीच नव्हतं. सगळे बाहेर उभे राहून आत कोण अडकलंय यावर भांडत होते. मी पाना पिशवीत टाकला आणि वर आलो.

मालकाला सांग, माझ्या बहिणीच्या हाताला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय. माया कर, शहाणपणा कमी कर.

तुझा
दादा

---

२ मार्च

चि. बबडीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबाला दाखवू नकोस. मला काय करावं ते सुचत नाहीये, म्हणून तुझ्या गळ्यात घालते. दादाचं काहीतरी बिनसलंय. त्याने मला पाच तिकिटं पाठवली आणि पाचही तिकिटांत छत्री आहे असं शपथेवर सांगतोय. एकातही नाही. पाचव्यात तर चित्रच नाही, नुसतं धुकं छापलंय. मी भिंग लावून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. आधी वाटलं खोडी काढतोय. पण छत्री नाही असं मी पुन्हा कळवल्यावर त्याने फार चिडून लिहिलं. चेष्टा करणारा माणूस असा चिडत नाही.

बाई गं, तो एकटा राहतो. स्वतः स्वयंपाक करतो. लोकांच्या लिफ्टमध्ये डोकं घालतो. नसलेली छत्री ज्याला दिसते त्याला उद्या असलेली पायरी दिसेल का? एकदा जाऊन ये. फोनवर त्याचा थांग लागत नाही, ‘ठीक, ठीक’ म्हणून ठेवून देतो.

तिकिटं वेगळ्या पाकिटातून रजिस्टर करून पाठवते, म्हणजे तुलाही खात्री पटेल. घाबरू नकोस, पण उशीरही करू नकोस. आत्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी
आत्या

---

१६ मार्च

चि. बारकीस,

आशीर्वाद आहेत. आज जरा मोजूनमापून देतोय.

परवा बबडी न कळवता दारात उभी. मी खूश झालो. चहा होईपर्यंत सगळं छान होतं, मग तिने विचारलं, बाबा, आज वार कोणता. मी सांगितला. महिना कोणता. तोही सांगितला. मला वाटलं तिच्या औषधाच्या दुकानात काही घोटाळा झालाय आणि तिला तारखा जुळवायच्या आहेत. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाली. मी म्हटलं, तुला काय झालंय ते आधी सांग.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी काढलं, वर साखळी काढली. साखळी कशाला, असं विचारलं. म्हटलं खिशातलं आहे. त्यावर त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी म्हणाल्या, वयाच्या मानाने बरं आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. काय दाखवू, घड्याळ?

स्टेशनवर बबडीच्या तोंडून निघालं की आत्याने लिहिलं होतं. बारके, मला वाईट वाटलं. तू मला सरळ विचारायचंस. तिकिटांत छत्री आहे, आणि मी ठीक आहे, आणि या दोन गोष्टी सिद्ध करायला मला या वयात गणितं सोडवावी लागतायत. मला काही कळेनासं झालंय.

राग आहे, लोभही आहे. कोणता जास्त ते पुढच्या पत्रात सांगीन.

दादा

---

२४ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. बाबांकडून परत आले आणि दारात तुझं रजिस्टर पाकीट. आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आत्या, शांतपणे वाच. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलंस तरी चालेल. पाचही तिकिटांत छत्री आहे. बंदराच्या तिकिटात दोरखंडाच्या मागे एक माणूस काळी छत्री घेऊन बसलाय. घोडागाडीवर पट्ट्यापट्ट्यांची छत्री लावलीय. पुलावर तिघी चालतायत, तिघींच्या हातात छत्र्या. चौथ्यात फुलं विकणारीच्या डोक्यावर आहे. आणि धुकं म्हणतेस ना, ती अर्ध्या तिकिटाएवढी पांढरी छत्री आहे, करड्या आकाशावर. मला वाटलं माझाच गोंधळ होतोय, म्हणून दुकानात सगळ्यांना दाखवलं. सगळ्यांनी पटापट बोट ठेवलं.

तू डोळे शेवटचे कधी दाखवलेस? तुझ्या पत्रातल्या ओळी हल्ली चढणीला लागतात, शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. मी समजत होते की कामाच्या गडबडीत लिहितेस. मालकाच्या दिव्याचं बाबांनी सांगितलं, त्याला उगाच बोल लावू नकोस. या आठवड्यातच जा, नाहीतर मी येईन, आणि बाबांना कसं नेलं ते तुला माहीत आहेच.

हक्काने रागाव, पण जा.

तुझी
बबडी

---

१७ मे

ती. दादास,

सा. न. वि. वि. या खेपेला खरंच वाकले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. दोन्हींचं ऑपरेशन झालं. तुला आधी कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास आणि तुझ्याकडे बघायचं तोंड मला नव्हतं. वर्षभर मला कमी दिसत होतं रे. सुईत दोरा ओवायला मी त्या नव्या मुलीला सांगायची, शिकवण्याच्या निमित्ताने. रफूवालीचे डोळे गेले म्हणजे रफूवालीच गेली, म्हणून मी दिव्याला शिव्या देत बसले. मग तुझी तिकिटं आली. तुझं डोकं नाहीतर माझे डोळे, काहीतरी एक बिघडलेलं असणार होतं. मी पटकन तुझं डोकं पुढे केलं. वर त्यावर काळजीचं पांघरूणही घातलं. याची मला फार लाज वाटते, दादा.

पट्टी काढल्यावर पहिल्यांदा दोऱ्यांचा डबा उघडला. काळा आणि गडद निळा शेजारी शेजारी होते, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. आरशात पाहिलं तर तिथे कोणी भलतीच म्हातारी. कोणी सांगितलंच नाही मला. पाचही तिकिटं आता अल्बममध्ये आहेत. पांढऱ्या छत्रीखाली लिहिलं, ‘पांढरी, उघडी, हिच्यासाठी भावाला घड्याळ काढावं लागलं’. मालकाने काळे कोट माझ्या टेबलावर परत आणून ठेवलेत.

राग आणि लोभ यांतलं काय जास्त आहे ते अजून सांगितलं नाहीस. वाट बघते.

तुझी
बारकी

---

२९ मे

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद, पूर्ण मापाने.

वेडी आहेस. ऑपरेशन करून घेतेस आणि मोठ्या भावाला पेढ्यासारखं मागाहून कळवतेस. मी ‘आंधळ्यालाही दिसतील’ असं लिहून गेलो, तेव्हापासून जीभ चावतोय. तू तुझी लाज काढून टाक, मी माझी काढतो, फिटंफाट.

नव्या डोळ्यांना नवं तिकीट पाठवतोय. फार शोधून मिळवलंय. अशी छत्री आपल्याकडे एकही नाही, बघितलीस की उडशील. कुठे ते सांगणार नाही.

इकडे एक गंमत झाली. काल लिफ्ट मधेच अडकली. मी पाना घेऊन गेलो, उघडली, तर आत कोणीच नव्हतं. सगळे बाहेर उभे राहून भांडत होते, आत कोण आहे म्हणून.

लोभ जास्त आहे. तो होताच.

तुझा
दादा

---

९ जून

चि. बबडीस,

अनेक आशीर्वाद.

दादाचं नवं तिकीट सोबत नाही, पण त्यात काय आहे ते सांगते. एक तळं, एक रिकामा बाक, एक झाड. झाडाच्या फांद्यांवर पानं किती आहेत तेही मला दिसतंय. छत्री नाही. मागच्या खेपेला हात पोळलाय, म्हणून आधी डॉक्टरकडे जाऊन डोळे पुन्हा तपासून आले. खणखणीत आहेत. मग त्या नव्या मुलीला दाखवलं, मालकाला दाखवलं, टपालवाल्याला थांबवून दाखवलं. सगळे म्हणाले, तळं, बाक, झाड. आणि लिफ्ट अडकल्याची हकिगत त्याने फेब्रुवारीत लिहिली होती, ती परत लिहिलीय, काल घडल्यासारखी. कदाचित लिफ्ट पुन्हा अडकली असेल. मी दिवसभर स्वतःला हेच सांगत होते.

मला फार भीती वाटते, बबडे. त्याच्या डॉक्टरांनी सहा महिने म्हटले होते, तू ते लवकर कर. पण या खेपेला मी तुला तिकडे पळवत नाही, मीच जाते, राहायलाच. काळे कोट उचलून नव्या मुलीच्या टेबलावर ठेवून आले. तिला म्हटलं, गडद दोरा आधी उन्हात बघ. त्याच्याशी काय बोलायचं ते मी बघेन, तू एवढ्यात काही विचारू नकोस.

आत्यावर विश्वास ठेव, कमी पडला तर उसना घेऊन ठेव.

तुझी
आत्या

---

९ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तिकीट मिळालं. छत्री दिसली. जरा वेळ लागला, पण दिसली. खाली लिहिलंय, ‘मिटलेली, करडी, बाकाच्या मागे’. डकवूनही टाकलं.

मी तुझ्याकडे येतेय. डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय, आणि सुई-दोऱ्याचं काम तुझ्या खिडकीतही होईल. शनिवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर येऊ नकोस, घरीच थांब, मी जिना चढून येईन. अल्बम घेऊन येतेय. मी लिहिलंय ते बरोबर की चूक ते पत्रात कळवू नकोस. आल्यावर दोघं शेजारी बसू आणि तू तिकिटावर बोट ठेवून दाखव, मी बघेन.

लोभ घेऊनच येतेय, दार उघडं ठेव.

तुझी
बारकी