मासा उलटू नकोस

प्रिय शुनपेई,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. आधी नीट बस.

काल तुझ्या बाबांना घेऊन मी बंदरावरच्या ‘इसोमात्सु’त जेवायला गेले. हो, भर दुपारी, गर्दीच्या वेळी, चाकाच्या खुर्चीसकट! अर्धांगाचा झटका आल्यापासून सोळा महिने हा माणूस दवाखान्यापलीकडे कुठे गेला नव्हता आणि तोंडातून एक ‘अं’ सोडला तर काही निघत नव्हतं. मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, “आई, त्यांना आता कळतं तरी का काही?” ते माझ्या फार जिव्हारी लागलं. आणि खरं सांगू? तुझंच बरोबर असेल अशी भीती मलाही वाटायला लागली होती. म्हणूनच एकदा शेवटचं पडताळून बघावं म्हणून त्यांना घेऊन गेले.

दारातच मालकीण किनुयो ओरडली, “अगं बाई, कप्तान आले!” सगळ्यांनी माना वळवल्या आणि लगेच आपापल्या ताटात घातल्या. वीस वर्षं बाबांच्या होडीवर काम केलेला तो गोरो जवळ आला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा कानाशी ओरडला, “कप्तान, ओळखलंत का?” बाबा म्हणाले, “अं.” गोरो खाली मान घालून परत गेला. मला इतकं कानकोंडं झालं की वाटलं, उठावं आणि घर गाठावं.

पण तेवढ्यात मासा आला. त्यांचा नेहमीचाच, सोया आणि आलं घालून शिजवलेला अख्खा मेबारू. डाव्या हातात चमचा धरून त्यांनी वरची बाजू हळूहळू संपवली. लोक बघत होते, आणि त्या गडबडीत मी काय केलं असेल? माशाखाली चॉपस्टिक्स घातल्या आणि तो सरळ उलटा केला! एक्केचाळीस वर्षं कोळ्याच्या घरात नांदून! मासा उलटला की होडी उलटते. वरचं संपलं की मधला काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि मग खालचं खायचं. यावरून सहाव्या वर्षी तू त्यांचा मार खाल्लायस. आणि मी अख्ख्या बंदरासमोर हा प्रताप केला.

“उलटू नकोस!”

मला वाटलं, गोरोच ओरडला. तेवढ्यात टेबलावर चमचा आपटला आणि पुन्हा तोच आवाज, “अगं, होडी बुडवतेस काय!” शुनपेई, ते तुझे बाबा होते रे! वादळात डेकवरून ओरडायचे ना, तस्सा खणखणीत आवाज. गोरो ढसाढसा रडायला लागला, किनुयो हातातल्या डावासकट धावत आली. मी रडत होते की हसत होते, देव जाणे. मेलीला लाज कसली, पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी परत माशाला हात घालायला गेले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. मग काटा त्यांनी स्वतःच उचलला. दहा मिनिटं लागली. मदत करायची कुणाची छाती झाली नाही. काटा अख्खा सुटून आला तेव्हा लोकांनी काय टाळ्या पिटल्या म्हणून सांगू!

आता मुद्द्याचं. बाबांसाठी तू पाठवलेला वृद्धाश्रमाचा फॉर्म इथेच आहे. त्यावर तुझी सही आहे, माझी नाही, आणि होणारही नाही. माझ्या कंबरेच्या काळजीने तू हे केलंस, ते कळतं मला, रागावलेले नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, शब्द हळूहळू येतील, एखाद्या दिवशी येणारही नाहीत. येऊ देत त्यांच्या सवडीने. पण आज सकाळी मी चहा ओतत होते तर हे काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, चहाच मागतायत. कप पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. तीनदा अडखळले, कपाळाला घाम आला, आणि मग नीट म्हणाले, “शुनपेई.” जरा थांबले आणि म्हणाले, “बोलाव. जेवायला.” म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई