तिसऱ्या ओळीतल्या बिया

कोफू, मंगळवार, ८ सप्टेंबर

चिरंजीव तोकुजी यास मासुयोताईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी, सहा सप्टेंबरला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या द्राक्षं भरायच्या शेडमध्ये, सहा बायकांसमोर तू मला विचारलंस, "ताई, जूनमध्ये तिसऱ्या ओळीत तू होतीस ना? तुला काही दिसलं नाही?" (वेळ अचूक आहे. तुझ्याकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघितलं.) कंबर कशी आहे? गरम पट्टी लावतोस ना? लाव, आणि पडल्या पडल्या विचार कर, अडतीस वर्षं शाळेत आहारशास्त्र शिकवलेल्या बहिणीला कोणी असं साक्षीदारासारखं उभं करतं का.

झालं होतं काय, तर तुझ्या टोकियोच्या जुन्या गिऱ्हाइकाला बिनबियांची पिओने द्राक्षं म्हणून पाठवलेल्या तिसऱ्या ओळीतल्या पेटीत बिया निघाल्या आणि त्यांच्या कवळीचा तुकडा पडला. मी ताबडतोब सांगितलं की बी हा दोष नव्हे. द्राक्षाचा सगळा कस सालीत आणि बीत. मधल्या गरात साखर आणि पाणी. लहानपणी आपण कोशू द्राक्षं बियांसकट गिळायचो, तेव्हा कोणाचं काय तुटलं? (कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेस आमच्या ताटात उरलेल्या साली मोजायच्या, आणि खोटं बोललं तर तेही मोजायच्या.) आता शाइन मस्कट जातीचं द्राक्ष सालीसकट खाता येतं म्हणून लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचतात; मग बीनंच काय घोडं मारलंय? त्या गृहस्थांनी खरं तर आभार मानायला हवे होते. बायका हसल्या. तू हसला नाहीस. तू नागिसाकडे वळलास.

"सूनबाई, मळा म्हणजे तुझं शहरातलं ऑफिस नव्हे. ओळ औषधात बुडवलीच नाही, आणि खुशाल बुडवली म्हणून सांगितलं? पुढच्या वर्षी तुझ्या हाती पेला देणार नाही मी."

"मामंजी, मी एकेक घड तपासला होता. सगळे लाल होते."

(औषधात लाल रंग घालायची युक्ती बाबांची, असं तू सगळ्यांना सांगतोस. फुलोऱ्यातला घड पेल्यात बुडवला की लाल दिसतो, म्हणजे त्यात आता बी धरणार नाही. अख्खं खोरं हेच करतं. बाबांचं काही नाही त्यात.) ती पेट्यांना चिकटपट्टी लावत राहिली. पट्टी वाकडी लागत होती.

तेव्हा त्याच सहा बायकांसमोर तू माझी माफी मागावीस, हे लिहायला मी बसले आहे.

तुझी थोरली बहीण,
मासुयो

ता. क. माफीचं राहू दे.

ता. क. दुसरा. नागिसा खरं बोलते आहे. घड लालच होते. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी, पाठ फिरवून चाललेल्या बायकांना सालीचे गुण सांगत मी मागे सरकले आणि औषधाची बादली लवंडली. ओळ नागिसाकडे सोपवलेली, पण ती तेव्हा पलीकडच्या ओळीत होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. (जरा वेळापूर्वीच मी तिला सुनावलं होतं, "जपून गं बाई, शहरातल्या पायांना बादल्या दिसत नाहीत.") माझ्या थर्मासमध्ये लाल शिसोच्या पानांचं सरबत होतं. रंग अगदी तोच. पाणी घालून पुरवलं आणि अख्खी ओळ त्यात बुडवली, फार निगुतीनं. (सरबत पचनाला उत्तम आहे. बी थांबवायला त्याचा काडीचा उपयोग नाही.)

ता. क. तिसरा. रविवारी मी निघाले तर नागिसा मागून धावत आली. डोळे सुजलेले. हातात कागदात गुंडाळलेला घड. म्हणाली, "आत्याबाई, बिया चांगल्या असतात म्हणालात ना? मग हा तिसऱ्या ओळीतला घ्या." दोन दिवस तो घड टेबलावर आहे. एक मणी तोंडात टाकला. चार बिया. एकही गिळवली नाही.

त्याच सहा बायका त्याच शेडमध्ये पुन्हा कधी जमणार, हे मला शनिवारी, बारा तारखेला दुपारी बाराच्या आत लेखी कळव. मी येऊन सांगते. फोन मात्र करू नकोस. फोनवर मी पुन्हा बियांचे गुण सांगायला लागेन.