मी येईपर्यंत पुरेल

१२ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत आणि हट्टही ठणठणीत, असं धरून चालले आहे. शेजारच्या शिवणवाल्या काकूंचं मात्र पत्र आलं. तुम्ही पहाटे फळबाजारात जाता, दिवसभर गाळ्यावर असता, हे सगळं पूर्वीसारखंच आहे म्हणतात. पण आपल्या घरातून काही शिजल्याचा वास येत नाही. बाबा, तुम्ही सकाळी खाता काय?

दवाखान्यात जायच्या आधी आईने ओट्सचे ट्रेच्या ट्रे भाजून ठेवले होते, ते मला आठवतं. वर सफरचंदाच्या फोडी, दालचिनीचा घमघमाट. गार झाल्यावर चौकोनी तुकडे पाडून, एकेक तुकडा नाशपतीच्या पेटीतल्या पातळ कागदात गुंडाळून, टोक आत खोचून तिने बर्फाचा कप्पा भरला. रोज सकाळी एक काढून गरम करा, मी येईपर्यंत पुरेल, एवढंच सांगून गेली. ती काही परत आली नाही. पण ती गोष्ट थंडी संपतानाची. आता पीच आले असतील बाजारात, म्हणजे तो कप्पा केव्हाच रिकामा झाला असणार. तेव्हा खरं काय ते कळवा.

इकडे हे मजेत आहेत. कच्च्या आलुबुखारांची ती पेटी अजून विसरले नाहीत. सासऱ्याने पुढे केलेली फोड जावयाने सभ्यपणे खाल्ली, यात काय चुकलं, असं अजून विचारतात. तुमच्या बाजारात फोड खाल्ली की विकणारा म्हणेल त्या भावाने सौदा पक्का, नको असेल तर हुंगून खाली ठेवायची, हे बिचाऱ्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं!

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू द्यावी.

आपली,
खारू


२० जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

जावईबापूंना सांग, शिकवणीची फी कुणालाच चुकत नाही. मी हातगाडीवर होतो तेव्हा तुझ्या आईसमोर अशीच नाशपतीची फोड धरली होती. हमालाची लेक ती, नियम तिला पाठ. तिने फोड हुंगली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि खाऊन टाकली. भावसुद्धा विचारला नाही. गाडीचा गाळा झाला, गाळ्याचे दोन झाले, पण त्याच्याइतका चोख सौदा मी पुन्हा केला नाही.

आता खाण्याचं. पोरी, ते संपलेलं नाही.

रोज एक काढतो, गरम करतो, खातो, आणि कप्पा आहे तसाच भरलेला. आधी वाटलं, ही शिवणवाल्या बाईंची कामगिरी. गोडीगुलाबीने विचारलं, तर बाई उखडल्या. स्वतःच्या घरचा नाश्ता करायला फुरसत नाही, तुमच्या घरी चोरून कशाला करू, असं म्हणाल्या. मग वाटलं, तूच त्यांच्यामार्फत काही चालवलं आहेस. पण घराच्या किल्ल्या दोनच, एक माझ्या खिशात आणि एक तुझ्याकडे. तेही सोडून देऊ. परवाच्या तुकड्यात पीच निघाला.

बाटलीतला नव्हे. कोयीजवळ लालसर, साल अजून केसाळ, पहिल्या तोडीचा. तसला माल बाजारात याच आठवड्यात उतरला. तुझ्या आईने तो थंडीत कुठून आणावा? माणसं मला फसवतात, फळ फसवत नाही.

डोकं ठिकाणावर आहे, काळजी नको. काल एका बागवानाची पेटी नुसती हलवून, आवाजावरून, खालचा थर सडलेला आहे हे सांगितलं आणि माघारी पाठवली.

तुझ्या पत्राची वाट बघण्यात सकाळ जाते, तेव्हा हात आखडू नये.

बाबा


३० ऑगस्ट

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हे मास्तर माणूस, प्रत्येक गोष्टीचं उत्तर खिशात. म्हणाले, बाबाच भाजत असतील आणि त्यांना आठवत नसेल; दुःखात माणसाचं असं होतं. मला ते पटलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्ही जन्मात अंडं फोडलं नाही. आईने एकदा ओट्स ढवळायला दिले, तर तुम्ही ते गुरांना घातल्यासारखे ट्रेबाहेर सांडले होते.

आता नीट बसून वाचा. थंडीत तुम्ही आजोबा होणार आहात. इतके दिवस लिहिलं नाही, कारण मागच्या वेळी लवकर सांगितलं आणि सगळं बिनसलं. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली आहे, नाहीतर हे पत्र येण्याऐवजी मीच आले असते. तुम्हीच इकडे या. आई नाही, आता बाळाला वडीलधारं म्हणून तुम्ही एकटेच आहात. मला फार भीती वाटते, बाबा. बाळाची वेगळी आणि तुमची वेगळी.

तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
खारू


९ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ., आणि त्यातले अर्धे आतल्या पाहुण्याला.

तुझं पत्र गाळ्यावर फोडलं आणि भर बाजारात डोळे पुसले. हमालांना वाटलं, माझा माल बुडाला. मग सगळ्यांना पेरूएवढाले आलुबुखार फुकट वाटले, तर त्यांना वाटलं, मला वेड लागलं.

मास्तरांचं उत्तर मी तपासून पाहिलं. घरातले ओट्स, मध, दालचिनी, ओव्हनचे दोन्ही ट्रे, सगळं उचलून गाळ्यावरच्या पेटाऱ्यात टाकलं आणि कुलूप लावलं. किल्ली अडत्याकडे दिली आणि मी मागितली तरी देऊ नको असं बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करत होतो. तुझी आई ट्रे भरला की मिश्रण सारखं व्हावं म्हणून ओट्यावर दोनदा आपटायची, आठवतं? ठक, जरा थांबून ठक. तो आवाज आला. माझे कान तुला ठाऊक आहेत. टरबूज मी पलीकडच्या गाडीवरचंही ऐकतो. स्वयंपाकघरात गेलो तर कुणी नाही, ओव्हन दगडासारखा गार, आणि दालचिनीचा वास एवढा की ठसका लागावा. कप्प्यात नवे तुकडे, त्यांत नाशपती. घाबरलो नाही म्हणालो तर खोटं होईल. हनुवटी चांगलीच कापली आहे.

तरी मी तुझ्याकडे न येता इथेच राहिलो. ती आली आणि दाराला कुलूप दिसलं, तर काय वाटेल तिला, असं मनात येत होतं. पण आता दुसरंच दिसतं आहे. त्या सकाळनंतर नवा माल आलेला नाही. कप्पा उतरत चालला आहे, खालचा बर्फ दिसायला लागला. ती येईपर्यंत पुरेल, असा शब्द होता. तिने शब्द कधी मोडला नाही. म्हणजे संपत आलं याचा अर्थ काय, ते तुला समजावून सांगायला नको. आणि ती आली तर एकटी परत जाईल, असंही मला वाटत नाही.

खरं सांगतो, तुझं पत्र आलं नसतं, तर मला त्यात वाईट काही वाटलं नसतं. आता वाटतं. मला त्या पोराचं तोंड बघायचं आहे.

इकडची काळजी अर्धीच कर, अर्धी मी करतो.

बाबा


१८ सप्टेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. शेवटचा तुकडा खाऊ नका. तो तसाच राहू द्या, कागदही सोडू नका. आणि सकाळचं स्वतः करा. मी सांगते तसं करा, अवघड नाही.

ट्रेला लोणी लावा. ओट्स, चिमूटभर मीठ, दालचिनी, थोडी बेकिंग पावडर एका भांड्यात. दूध, अंडी, मध दुसऱ्यात फेटून. मग दोन्ही एकत्र. अर्धी फळं आत, अर्धी वर. कडा तपकिरी होईपर्यंत आणि मधला भाग हलेनासा होईपर्यंत भाजा. गार होऊ द्या, मगच कापा, नाहीतर भुगा होईल. आई घाई करू द्यायची नाही. तुम्हीही करू नका. आठवड्याचं एकदम करून ठेवा, म्हणजे सकाळी त्या कप्प्याकडे जायला नको.

आणि ती आलीच, तर तिला माझा नमस्कार सांगा. बाळाचं सांगा. पण तिच्याबरोबर जाऊ नका.

तुमचीच,
खारू


२५ नोव्हेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

मधल्या चिठ्ठ्यांत नुसती खुशाली लिहिली, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

तुझ्या कृतीने पहिला ट्रे जळला, दुसरा खीर झाला. शिवणवाल्या बाई चव घेऊन म्हणाल्या की याने उशी चांगली भरता येईल. पुढे हात बसला. कप्प्यातला तो शेवटचा तुकडा मात्र मी तसाच राखला होता.

काल सकाळी उठलो तर कागद टेबलावर, चार घड्या घालून ठेवलेला. आत काही नाही. आदल्या दिवशी मी भाजलेल्या ट्रेचा एक कोपरा कापलेला. करपट कोपरा कुणाला आवडायचा, ते तू जाणतेस. समोरची तिची खुर्ची मागे सरकवलेली. आणि माझ्या जागी माझी निळी बशी, बशीत एक चौकोनी तुकडा, वाफाळता. ओव्हनला हात लावला, गार होता.

मी बसलो. बशी उचलली. खारू, इतक्या वर्षांत इतका सुंदर वास मी हुंगला नाही. गाडीवरची ती पहिली नाशपती होती त्यात. तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बाजाराचा नियम आठवला. फोड माझ्यापुढे धरली होती, आणि भाव काय तो मला ठाऊक होता.

मी परत एकदा हुंगलं आणि बशी खाली ठेवली. समोरच्या खुर्चीला सांगितलं की माल अव्वल आहे, भावही वाजवी आहे, पण पोरीच्या घरी पाळणा हलायचा आहे, आज सौदा नको. तुझा नमस्कारही पोचवला.

 मग अगदी कानाशी तिचं ते जुनं चक्. हातातलं गिऱ्हाईक सुटलं की जीभ टाळूला लावून करायची ते. रागाचं नव्हतं. मी तसाच अनवाणी बाजारात निघून गेलो.

दुपारी आलो तर निळी बशी धुऊन पालथी घातलेली, खुर्ची जागच्या जागी. बर्फाचा कप्पा उघडला. वरपर्यंत भरलेला, नाशपतीचा कागद, टोकं आत खोचलेली. एक सोडला. आत चेरी. ताजी, काळीभोर, देठ आत्ता तोडल्यासारखा. आज साऱ्या बाजारात एक चेरी मिळायची नाही. झाडांची पानंसुद्धा गळली, चेरी यायची ती उन्हाळ्याच्या तोंडाशी.

मी व्यापारी माणूस. मुदत मिळाली की ओळखतो, ही चेरीच्या हंगामापर्यंतची. म्हणून आता रोज सकाळी त्यातलाच एक गरम करून खातो, मजेत. तो खाण्यात धोका नाही, तो मुदतीचा माल आहे.

तू निवांत मोकळी हो. मग डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की बाळाला घेऊन ये. मास्तरांनाही आण. पण चेरी बाजारात उतरायच्या आत या, उशीर करू नका.

आणि एक. इथे असताना सकाळी टेबलावर कुणी न ठेवलेली छोटी बशी दिसली, तर बाळाला नुसतं हुंगू दे. खाऊ देऊ नको.

लोभ या हंगामापुरता नव्हे, पुढच्याही हंगामांचा आहे, हे ध्यानात असू द्यावं.

तुझा,
बाबा